परदेशात राहता आणि इथे फ्लॅट आहे? वीजमीटरचं डिपॉझिट परत घेण्याविषयी

पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटचं ताजं लाईट बिल मोबाइलवर उघडा. बारा आकडी ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता, आणि ‘सुरक्षा ठेव’ म्हणून एक रक्कम छापलेली दिसेल. ही रक्कम परत मिळते, पण बिलावर ज्याचं नाव आहे त्यालाच. परदेशातल्या फ्लॅटमालकांच्या वतीने ही ठेव परत मिळवायची कामं आम्ही करतो, आणि त्यातली बहुतेक इथेच अडलेली असतात. बिलावर अजून बिल्डरचं नाव असतं, नाहीतर वारलेल्या वडिलांचं. म्हणून घर विकायचं मनात आलं की पहिलं काम नाव बदलून घेण्याचं. वडिलांच्या नावावर मीटर असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं नाहरकतपत्र लागतं. भावंडं तीन देशांत असली की त्या सह्या गोळा करायलाच दोन महिने जातात.

ठेव किती असते? २०२१ पासूनच्या नियमांनुसार दरमहा बिल येत असेल तर सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी. दोन हजारांचं बिल असेल तर चार हजार. वीज कायदा २००३ च्या कलम ४७ प्रमाणे तिच्यावर व्याजही मिळतं आणि ते वर्षाकाठी बिलात वळतं होतं. एसी लावून राहणारा भाडेकरू असेल तर रक्कम चांगलीच फुगते. इथे एक सांभाळा: वापर वाढला की उन्हाळ्याच्या सुमाराला वाढीव ठेवीचं वेगळं बिल येतं. ते भाडेकरूने भरलं तर जाताना तो ते मागणार, आणि त्याचं मागणं रास्तच आहे. ही वाढीव ठेव कुणी भरायची, हे भाडेकरारातच लिहून टाका.

घर विकताना

खरेदीखताच्या मसुद्यात बहुधा एक ओळ असते: सोसायटीचे शेअर्स, सिंकिंग फंड आणि वीजमीटरची अनामत खरेदीदाराच्या नावे वर्ग केली आहे. वकिलाने ईमेलवर पाठवलेला मसुदा रात्री घाईत वाचताना ही ओळ हमखास नजरेतून सुटते, आणि सही झाली की तुमची ठेव त्याची होते. त्यात वाईट काही नाही, फक्त ती रक्कम किमतीत धरून घ्या. आमचा सल्लाही हाच असतो, कारण वेगळा परतावा मागण्यापेक्षा हे सोपं पडतं. ठेव तुम्हालाच हवी असेल तर ती ओळ काढायला लावा. मग खरेदीदार नाव बदलताना स्वतःची ठेव भरतो आणि तुमची तुम्हाला मिळते. मीटर मात्र कापायला सांगू नका. किल्ली द्यायच्या दिवशी मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही स्वच्छ दिसतील असा फोटो काढून घ्या. शेवटच्या बिलावरून वाद निघालाच तर तोच कामाला येतो.

इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मीटर निघतात, वीजजोडणी कायमची बंद होते (ऑफिसात याला ‘पीडी’, म्हणजे परमनंट डिसकनेक्शन, म्हणतात) आणि शेवटचं बिल वजा करून उरलेली ठेव ज्या त्या सभासदाला परत मिळते. शेजारी अर्ज करून मोकळे होतात, परदेशातला सभासद राहून जातो. सोसायटीचं पत्र आलं की लगेच आम्हाला कळवा.

पैसे कुठे येतात?

एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात. एनआरई खातं परदेशातून आलेल्या पैशांसाठी असतं, त्यात असा परतावा सहसा थेट भरता येत नाही. सिंगापूरला राहणाऱ्या आमच्या एका ग्राहकाने नोकरीच्या काळातलं जुनं बचत खातं दिलं होतं. ते कधीच बंद झालेलं. पैसे परत फिरले आणि सगळा अर्ज नव्याने करावा लागला. अर्जासोबत त्याच नावाचा रद्द केलेला चेक जोडा, आणि नावाचं स्पेलिंग बिलावर आहे तसंच आहे ना, हे अक्षर अक्षर लावून बघा.

तुमच्या वतीने आम्ही अर्ज द्यायचा तर मुखत्यारपत्र लागतं. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र) घेता येतं; दुबईहून पाठवणार असाल तर भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुखत्यारपत्र फक्त मीटर आणि ठेवीपुरतंच ठेवा. पैसे स्वीकारायचा अधिकार आम्हालाही देऊ नका. रक्कम थेट तुमच्या खात्यात जाऊ दे.

पाइप गॅसचीही ठेव असते, पण ती बिनव्याजी. मूळ पावती शोधून ठेवा.

अर्ज देऊनही वीज कंपनीकडून काहीच हालचाल नसेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मंचाचा निर्णय पटला नाही तर पुढे विद्युत लोकपाल आहेत. म्हणूनच अर्जाची पोच आम्ही जपून ठेवतो आणि त्याच दिवशी तुम्हाला तिचा फोटो पाठवतो.

फोन करण्याआधी ताजं बिल, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि पासपोर्टची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बंद फ्लॅटची ठेव कधीकधी इतकी थोडी असते की आमची फी आणि मुखत्यारपत्राचा खर्च त्याहून जास्त होतो. तसं असेल तर आम्ही बिल बघूनच सांगतो आणि काम घेत नाही.