मज्जारज्जूच्या इजेनंतरची चेतावेदना : औषधोपचार

मज्जारज्जूला इजा झाल्यावर वेदनेचे संदेश वाहून नेणारे मार्ग तुटतात किंवा बिघडतात आणि उरलेल्या चेतापेशी बाहेर काहीही घडत नसताना संदेश सोडत राहतात. त्यातून उद्भवणाऱ्या चिवट दुखण्याला चेतावेदना म्हणतात. ज्या तळपायाला टाचणी टोचलेली कळत नाही, तोच तळपाय रात्रभर जळत राहतो. इजेच्या पातळीवर छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते आणि सदऱ्याचा नुसता स्पर्शही सोसवत नाही. आयबुप्रोफेनसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा यावर फारसा उपयोग होत नाही. चाकाची खुर्ची ढकलून होणाऱ्या खांदेदुखीवर मात्र तीच औषधे चालतात, म्हणून दुखणे कोणते हे आधी ठरवावे लागते.

पहिली पसंती प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन या मूळच्या अपस्मारावरील औषधांना मिळते. ती चेतापेशींच्या कॅल्शियम-मार्गिकांवरील ‘अल्फा-२-डेल्टा’ या घटकाला चिकटतात. त्यामुळे पेशीत शिरणारे कॅल्शियम घटते आणि वेदना पुढे नेणारी ग्लुटामेटसारखी द्रव्ये कमी स्रवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये नेमक्या याच दुखण्यासाठी प्रीगॅबालिनला मान्यता दिली. त्याची मात्रा दिवसाला १५० ते ६०० मिलिग्रॅम असते. गुंगी, चक्कर आणि पायांवरची सूज हे त्याचे त्रास असून, ही दोन्ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा कमी करावी लागते.

ॲमिट्रिप्टिलीन हे जुने नैराश्यरोधक रात्री १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. झोपेला ते मदत करते, हा त्याचा मोठा गुण. परंतु मूत्र तुंबणे, बद्धकोष्ठता आणि उठून बसताना रक्तदाब घसरणे हे त्याचे दुष्परिणाम म्हणजे या रुग्णांच्या आधीच्याच अडचणी. इतरत्र किरकोळ ठरणारी बद्धकोष्ठता येथे औषध बंद करायला लावते.

ट्रामाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक दुसऱ्या फळीत येते. ॲमिट्रिप्टिलीनच्या जोडीने दिल्यास अपस्माराचे झटके आणि सेरोटोनिन-विषाक्तता (सेरोटोनिन या चेता-द्रव्याचा शरीरात घातक अतिरेक) यांचा धोका वाढतो. लॅमोट्रिजिन या अपस्मारावरील औषधाचा उपयोग मुख्यतः अपूर्ण इजेत, म्हणजे इजेखाली थोडी संवेदना वा हालचाल उरलेली असताना, दिसतो व गंभीर पुरळ टाळण्यासाठी त्याची मात्रा अगदी हळूहळू वाढवतात. बॅक्लोफेन स्नायूंच्या ताठरपणावरचे आहे. जळजळीवर त्याची भिस्त ठेवता येत नाही.

दुखणे क्वचितच पूर्ण जाते. ० ते १० या मापावर तीस टक्क्यांची घटही उपचाराचे यश मानली जाते. सोसवेल तितकी मात्रा काही आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर औषध बदलतात. मात्र जुने औषध एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने उतरवतात.