विक्री-संकेतस्थळे, समाजमाध्यमे आणि ग्राहकांचे दावे

ऑनलाइन दुकानात आलेल्या माणसाने काय पाहिले, काय कार्टमध्ये टाकले आणि किती पैसे भरले, ही माहिती दुकानदाराने त्याला न विचारता फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांना पुरवली, या कारणावरून ग्राहकांनी किंवा सरकारी यंत्रणांनी केलेले दावे. अमेरिका आणि युरोपात असे खटले बरेच झाले आहेत. भारतात त्यांचा कायदेशीर पाया आता कुठे घातला जात आहे.

पैठणी किंवा हिमरू शाल विकणारे एखादे संकेतस्थळ घेतले, तर जाहिरातीचे काम पाहणारा माणूस त्यात बहुधा फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीचा ‘मेटा पिक्सेल’ बसवून देतो. हा काही ओळींचा कोड असतो. पान उघडताच ग्राहकाचाच ब्राउझर पानाचा पत्ता, वेळ, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि कुकीचा, म्हणजे ब्राउझर ओळखण्यासाठी त्यात ठेवलेल्या खुणेचा, क्रमांक मेटाकडे पाठवतो. खरेदी झाली तर वस्तू आणि रक्कमही कळवली जाऊ शकते. पिक्सेलमधली ‘ॲडव्हान्स्ड मॅचिंग’ ही सोय चालू असेल तर फॉर्ममध्ये भरलेला मोबाइल नंबर हॅश करून, म्हणजे ठरावीक सूत्राने सांकेतिक अक्षरांत बदलून, जातो. हॅश केल्याने ओळख पुसली गेली, हा दुकानदारांचा बचाव पटण्यासारखा नाही. मेटाकडे असलेल्या नंबरचाही तसाच हॅश काढता येतो, आणि दोन्ही जुळले की माणूस सापडतो. हॅश पाठवायचा तोच मुळी जुळवण्यासाठी. मेटाच्याच ‘कन्व्हर्जन्स एपीआय’ या दुसऱ्या सोयीत तर माहिती थेट दुकानाच्या सर्व्हरवरून जाते, त्यामुळे ग्राहकाच्या फोनवरचा ॲड-ब्लॉकर तिला अडवू शकत नाही.

अमेरिकेत खासगी माहितीच्या संरक्षणाचा, सबंध देशाला लागू होणारा सर्वसमावेशक कायदा नसल्यामुळे वकिलांनी जुने कायदे बाहेर काढले. फोनवरचे बोलणे चोरून ऐकण्याविरुद्धचा कॅलिफोर्नियाचा १९६७ चा कायदा प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलर भरपाई देतो, आणि आर्थिक नुकसान सिद्ध करण्याची अट घालत नाही. हजारो ग्राहकांचा एकत्रित दावा त्यामुळेच कंपन्यांना धडकी भरवतो. व्हिडिओ दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर, कोणी कोणते व्हिडिओ पाहिले हे उघड करण्याविरुद्धचा १९८८ चा केंद्रीय कायदा लावला जातो. न्यायाधीश रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी वृत्तपत्रात छापून आली, त्यानंतर तो झाला. न्यायालयांचे मात्र एकमत नाही. संकेतस्थळावरचे फिरणे जुन्या चोरून-ऐकण्याच्या कायद्यात स्पष्टपणे बसत नाही, असे मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले.

छोट्या दुकानदाराने अभ्यासावा असा निकाल युरोपचा आहे. ‘फॅशन आयडी’ या जर्मन कपडेविक्रेत्याने संकेतस्थळावर फेसबुकचे ‘लाइक’ बटण लावले होते. ते न दाबणाऱ्यांची, इतकेच काय, फेसबुकवर खाते नसलेल्यांचीही माहिती त्यातून जात होती. माहिती गोळा करून पाठवण्यापुरता विक्रेताही फेसबुकच्या बरोबरीने जबाबदार आहे, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी ठरवले. पुढे फेसबुक त्या माहितीचे काय करते, याची जबाबदारी मात्र विक्रेत्यावर टाकली नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क मानला. वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीची मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली हवी, आणि त्याची सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागेल. सुरक्षेतल्या कसुरीसाठी दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती गेली त्याच्या हातात एक रुपयाही पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे भरपाई देणारे ४३-अ हे कलमही त्याच टप्प्यावर रद्द होणार आहे. २०२३ च्या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव हीच.

लातूरसाठी २०२३ च्या कायद्याचे, त्याच टप्प्यावर लागू होणारे नववे कलम विशेष महत्त्वाचे आहे. नीट-जेईईच्या तयारीला मराठवाडाभरातून तिथे येणारी अकरावी-बारावीची बहुतेक मुले १८ वर्षांखालची असतात, आणि कायद्याच्या लेखी ती बालकेच आहेत. त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे या कलमाने निषिद्ध केले आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट आहे. टेस्ट सिरीज खपवण्यासाठी पिक्सेल लावणे तिच्यात बसत नाही.

भरपाईसाठी मग जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उरते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विक्रेता मुंबईचा असो की बंगळुरूचा, परभणीच्या ग्राहकाला परभणीतच तक्रार करता येते. खरेदी ५ लाख रुपयांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. आयोगाच्या परवानगीने अनेकांच्या वतीने एकच तक्रारही चालते. दोन अडचणी आहेत. नुसते बघून निघून गेलेला माणूस पैसे न मोजल्यामुळे ‘ग्राहक’ ठरत नाही. आणि स्वतः टाइप केलेला नंबर ‘विश्वासाने दिलेला’ म्हणता येतो. कोणती पाने पाहिली, याची आपोआप झालेली नोंद त्यात येते का, यावर वाद होणारच.

पुराव्यासाठी बिल आणि संकेतस्थळावरच्या गोपनीयता धोरणाची त्या दिवसाची प्रत जपावी. फेसबुकच्या सेटिंगमध्ये कोणत्या व्यवसायांनी आपली माहिती पाठवली, याची यादी मिळते. तिचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवावेत. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र जोडावे, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी.