शेवटच्या तासाचा नफा

दर काही महिन्यांनी कुणीतरी बडा उद्योगपती आठवड्याला ७० किंवा ९० तास काम करायला सांगतो आणि दोन दिवस रणधुमाळी माजते. एक बाजू मेहनत आणि प्रगती पुढे करते, दुसरी तब्येत, घरदार आणि हेन्री फोर्ड. गंमत अशी की एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते. तास वाढले की काम वाढणार, कमी झाले की घटणार. भांडण फक्त ते जास्तीचं काम माणसाच्या जिवावर काढायचं की नाही, एवढ्यापुरतं. पण मुळात ते जास्तीचं काम होतं का?

आधी या अमेरिकन मोटार कारखानदार फोर्डला बाजूला करू. कामाचे तास त्यानेच कमी केले, असं सांगितलं जातं. त्याने १९१४ मध्ये आठ तासांचा दिवस आणला, १९२६ मध्ये पाच दिवसांचा आठवडा. दोन्ही खरं. पण मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांचा दिवस १८५६ मध्येच पदरात पाडून घेतला होता. १८८६ मध्ये शिकागोत याच मागणीसाठी रक्त सांडलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९१९ सालचा पहिलावहिला ठराव दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचाच होता. पाच दिवसांच्या आठवड्याचंही तसंच. न्यू इंग्लंडमधल्या एका कापडगिरणीने ज्यू कामगारांना शनिवार पाळता यावा म्हणून १९०८ मध्येच दोन दिवस सुट्टी द्यायला सुरुवात केली होती. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली तीही कुणा साहेबाच्या दयेने नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या गिरणी कामगारांनी ती १८९० मध्ये मिळवली. फोर्डकडे कारखाना मोठा होता आणि जाहिरात उत्तम होती.

आठवड्याच्या सात दिवसांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण इथे भोंदूपणाला फार वाव मिळतो. दिवस पृथ्वीच्या गिरकीतून येतो, महिना चंद्राच्या कलांतून, वर्ष सूर्याभोवतीच्या फेरीतून. आठवडा मात्र आकाशातल्या कुठल्याही फेरीतून येत नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे फिरते गोल सात, म्हणून वार सात. ते गोल मंद ते जलद असे (शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र) मांडून एकेका तासाला एकेक वाटत गेलं, की २४ तासांनंतर तीन उरतात (२४ भागिले ७, बाकी ३) आणि दर दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढे सरकतो. शनी, रवी, चंद्र, मंगळ हा क्रम एवढ्या बाकीतून निघतो. एखादा वार कामाला चांगला आणि एखादा वाईट असेल, तर तो भागाकाराच्या बाकीमुळे असणार. रोमन लोकांचा बाजाराचा आठवडा आठ दिवसांचा होता. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. त्यात सुट्टी दहाव्या दिवशी, त्यामुळे तो लोकांना का आवडला नाही हे वेगळं सांगायला नको. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला आणि कामगारांना पाच रंगांत वाटून टाकलं. रोज एका रंगाची सुट्टी, म्हणजे यंत्रं कधीच थांबायला नकोत. पण नवरा एका रंगाचा, बायको दुसऱ्या रंगाची, आणि देखभालीला न थांबणारी यंत्रं बिघडायला लागली. १९३१ मध्ये सहा दिवस करून पाहिले आणि १९४० मध्ये मुकाट्याने सातावर परत आले.

आता शनिवार. युरोपात जुने कारागीर रविवारी मनसोक्त प्यायचे आणि सोमवारी कामावर यायचेच नाहीत. इंग्रजीत या दांडीला चक्क संताची पदवी होती, ‘सेंट मंडे’. गिरणीमालकांना सोमवार भरवशाचा हवा होता. शनिवार दुपार सोडून दिली तर माणसं सोमवारी वेळेवर येतात, हा सौदा हळूहळू जमत गेला. १८५० च्या ब्रिटिश कायद्याने कापडगिरण्यांत बायका आणि अल्पवयीन मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं, आणि ती थांबली की बाकीची गिरणीही फारशी चालत नसे.

हा झाला इतिहास. मला ज्याबद्दल खरं लिहायचंय तो आहे शेवटचा तास.

१८३७ मध्ये नसाऊ सिनियर नावाच्या ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञाने असा हिशेब मांडला: गिरणी दिवसाला साडेअकरा तास चालते. त्यातले बहुतेक तास कापूस, यंत्रं, इमारत आणि मजुरी यांचा खर्च भरून काढण्यात जातात आणि निव्वळ नफा शेवटच्या तासात होतो. तेव्हा एक तास कमी केलात तर नफाच संपला. हा हिशेब चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. यंत्र विकत घेतलं की ते चालो न चालो, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज चालूच. म्हणून मालकाला बंद यंत्राची धास्ती आणि दिवस शक्य तितका ताणण्याची हाव. या हिशेबात यंत्राचा रिकामा खर्च मोजला होता. माणसाचा नव्हता.

तो मोजला एर्न्स्ट आबे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने. मायक्रोस्कोपमधून किती बारीक दिसू शकतं याची मर्यादा सांगणारं सूत्र याचंच. जर्मनीतल्या येना गावातल्या त्याच्या स्मारकावर ते कोरलेलं आहे. आबेचे वडील आयझेनाखच्या सूतगिरणीत दिवसाला १४ ते १६ तास राबायचे. लहानगा एर्न्स्ट त्यांचा डबा घेऊन जायचा आणि ते यंत्राला टेकून, उभ्या उभ्याच चार घास गिळायचे. पुढे तो कार्ल झाइसच्या मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कारखान्याचा भागीदार झाला, झाइस गेल्यावर प्रमुख झाला, आणि १९०० मध्ये त्याने तिथला दिवस नऊ तासांवरून आठवर आणला.

इथवर तो एक भला मालक. पण आबे प्रयोगवाला माणूस होता. कारखान्यात बरीच मजुरी नगावर होती, म्हणजे कुणी किती काम केलं याची नोंद आपोआप होत होती. बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षात २३३ कामगारांच्या तासाच्या कमाईची त्याने तुलना केली. दर तेच, माणसं तीच. तासाचं काम १६.२ टक्क्यांनी वाढलं होतं. बरोबरी साधायला साडेबारा टक्के पुरले असते. म्हणजे आठ तासांत नऊ तासांपेक्षा सुमारे तीन टक्के जास्तच काम झालं. कमाईचे आकडे फसवत नाहीत ना हे पाहायला त्याने यंत्रांनी खाल्लेली वीजही तपासली.

असं का व्हावं? आबे यंत्रशाळेतला दाखला देतो. मोठ्या यंत्राला काही काम न देता नुसतं फिरवत ठेवलं तरी ते शक्ती खातं. पट्टे, चाकं, घर्षण. माणसाचंही असंच आहे. हातून नग होवो न होवो, उभं राहणं, वाकून बसणं, गोंगाट सोसणं, लक्ष धरून ठेवणं याचा थकवा घड्याळाप्रमाणे चढतो. वेगाने काम केल्याचा थकवा वेगळा. आणि एक तिसरी अट: आजचा थकवा उद्या सकाळपर्यंत पूर्ण भरून निघाला पाहिजे. रोज थोडासा जरी उरला तरी तो साठत जातो, आणि मग शरीर आपणहून वेग कमी करतं. आळस म्हणून मालक ज्याला शिव्या देतो, त्यातला बराच भाग हा हिशेबाचा ताळमेळ असतो.

यापुढचं गणित आबेचं नाही, त्याच्या कल्पनेवरून मी मांडलेलं आहे. शाळेतल्या बीजगणितापलीकडे काही लागत नाही. ज्यांना नको असेल त्यांनी एक परिच्छेद ओलांडावा, मला वाईट वाटेल पण चालेल.

दिवसाला त तास काम, वेग व. केलेलं काम त × व. वेगाचा थकवा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो असं धरू: त × व² (एकक सोयीचं घेतलं). रिकामा थकवा तासाला र, म्हणजे र × त. विश्रांती उरलेल्या २४ − त तासांत होते आणि तासाला भ इतका थकवा भरून निघतो. रोजचा ताळमेळ हवा, म्हणून त × व² + र × त = भ × (२४ − त). दोन्ही बाजूंना त ने गुणा आणि मांडणी बदला. कामाचा वर्ग, म्हणजे (त × व)², बरोबर त × [२४भ − (भ + र) × त]. उजवीकडे दोन संख्यांचा गुणाकार आहे. पहिली वाढवली की दुसरी घटते. कंस ज्या त ला शून्य होतो, त्याच्या नेमक्या निम्म्यावर हा गुणाकार सर्वांत मोठा होतो. म्हणून सर्वांत जास्त काम देणारे तास = १२ × भ ÷ (भ + र).

हे उत्तर मला फार देखणं वाटतं. रिकामा थकवा शून्य असेल तर १२ तास काम, १२ तास विश्रांती. तो भरपाईच्या निम्मा असेल तर उत्तर बरोबर ८. याच उदाहरणात ८ तासांचं काम १०० धरलं तर ९ तासांत ९९, १० तासांत ९७, १२ तासांत ८७ आणि १४ तासांत ६६. सोळा तास राबणाऱ्याच्या हातून काहीच होत नाही, कारण त्याची सगळी भरपाई नुसतं उभं राहण्यातच संपते. अर्थात खरा माणूस असा सरळ रेषेत थकत नाही आणि आठ हा काही निसर्गाचा स्थिरांक नाही. ‘आठ तास काम, आठ तास मौज, आठ तास झोप’ ही ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेनची १८१७ ची घोषणा आली ती २४ ला ३ ने भाग जातो म्हणून. भट्टीसमोर रिकामा थकवा, म्हणजे र, मोठा, सावलीत बसून केलेल्या कामात लहान. पण आलेखाचा माथा पसरट आहे हे लक्षात घ्या. माथ्याच्या आसपास तास थोडे कमीजास्त झाले तर कामात फरक जवळजवळ दिसत नाही. मालकाने आणि कामगाराने ज्या एका तासासाठी शंभर वर्षं डोकी फोडली, त्या तासात माल नव्हताच.

सिनियरच्या शेवटच्या तासाचा निकाल लावला पहिल्या महायुद्धाने. तोफगोळ्यांचा तुटवडा पडला तेव्हा ब्रिटनने कामाच्या तासांवरची बंधनं सैल केली आणि रविवारीही कारखाने चालवले. उत्पादन हवं तसं वाढेना, तेव्हा १९१५ मध्ये एक समिती नेमली गेली. तिच्यासाठी एच. एम. व्हर्नन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दारूगोळ्याच्या कारखान्यांत आकडे गोळा केले. तोफगोळ्यांचे ॲल्युमिनियमचे फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) बनवणाऱ्या बायकांचं प्रत्यक्ष काम आठवड्याला ६६ तासांवरून टप्प्याटप्प्याने सुमारे ४६ वर आलं. तासाचं उत्पादन १०० वरून १५८ झालं, आणि आठवड्याचं एकूण उत्पादन १०० वरून १०९. वीस तास कमी आणि माल जास्त, तेही युद्धात, जिथे कुणी कामचुकारपणाला उत्तेजन देत नव्हतं. जवळजवळ शंभर वर्षांनी जॉन पेन्काव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने याच समितीचे आकडे आधुनिक संख्याशास्त्राने पुन्हा तपासले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत काम तासांच्या प्रमाणात वाढतं, पुढे वाढ मंदावते, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं वेगळं नसतं. रविवार बुडाला तर आठवड्याचं एकूण काम घटतं, हेही त्यात निघालं. मग ५६ आणि ७० मधले १४ तास गेले कुठे? नुसते फिरत राहिले.

आणि ते फुकटही फिरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

उलट बाजूचा उत्साहही थोडा आवरायला हवा. चार दिवसांच्या आठवड्याचे जे प्रयोग गाजतात, त्यांत बहुतेक कंपन्या आपणहून उतरलेल्या असतात. ज्यांना ते जमण्यासारखं असतं, त्याच पुढे येतात. वरच्या सूत्रातही तास माथ्याच्या फार खाली नेले की काम घटतंच. चार दिवसांत पाच दिवसांचं काम होईल की नाही हे त्या कामाचा र किती यावर आहे, आणि तो मोजल्याशिवाय दोन्ही बाजू हवेतच बोलतात.

मोजायचा कसा, हीच अडचण आहे. आबेकडे नग होते आणि विजेचं मीटर होतं. खुर्चीत बसून, पडद्याकडे पाहून केलेल्या कामाला नग नाही. बैठकीत नुसतं बसणं, दर पाच मिनिटांनी वाजणारा निरोप वाचणं, मग आपण काय करत होतो ते आठवणं, हा सगळा र आहे, आणि पगारपत्रकावर तो काम म्हणूनच लागतो. त्याहून पंचाईत म्हणजे सूत्रात २४ मधून त, म्हणजे कामाचे तास, वजा करायचा असतो. सूतगिरणीत भोंगा वाजला की त संपायचा. रात्री साडेदहाला उशाशी फोन उजळतो तेव्हा तो संपलेला असतो की नाही?