जुन्या मॉनिटरवर मावणारी विंडो नव्या लॅपटॉपवर का कापली जाते?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की अडत दुकानातले दिवाणजी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशोब, करायला बसतात. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, खाली निव्वळ रक्कम आणि सगळ्यात शेवटी ‘छापा’ असं बटण. हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा गावातल्याच कुणा प्रोग्रामरने कधीकाळी लिहून दिलेलं असतं आणि हिशोबाला अजून चोख असतं. दुकानात नवा लॅपटॉप येतो, तोच प्रोग्राम त्यावर चढवला जातो आणि शेवटची ओळ बटणासकट गायब होते. ‘सॉफ्टवेअर जुनं झालं, नवं घ्या’ असा सल्ला लगेच मिळतो. तो ऐकण्याआधी थोडी आकडेमोड करून बघा.

पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका. समजा, पट्टीची ही विंडो ७०० पिक्सेल उंच आहे. जुना १८.५ इंची मॉनिटर १३६६ × ७६८ पिक्सेलचा. विंडोज १० मधला टास्कबार, म्हणजे तळाची पट्टी, ४० पिक्सेल खातो, उरतात ७२८. विंडो बसते, वर २८ पिक्सेल शिल्लक. नवा १४ इंची लॅपटॉप १९२० × १०८०, म्हणजे पिक्सेल जवळपास दुप्पट. पण ते इतके बारीक की इंचाला सुमारे १५७ बसतात. जुन्या मॉनिटरवर इंचाला ८५ होते. तसंच ठेवलं तर अक्षरं निम्म्याच्या आसपास येतील. म्हणून विंडोज सगळंच दीडपट मोठं करून दाखवतं. सेटिंग्जमध्ये ‘स्केल १५० टक्के’ दिसतं ते हेच. आता १०८० ला दीडने भागा. प्रोग्रामच्या वाट्याला उंची येते फक्त ७२० पिक्सेल. विंडोज ११ चा टास्कबार ४८ चा, उरले ६७२. पूर्वी २८ पिक्सेल उरत होते, आता बरोबर तेवढेच कमी पडतात, आणि त्या २८ पिक्सेलांतच ‘छापा’ अडकलेलं असतं.

उपाय साधा आहे. स्केल १२५ टक्क्यांवर आणलं की उंची ८६४ होते, टास्कबार वजा जाता ८१६ उरते आणि शेतकऱ्याची पट्टी पुरती दिसते. अक्षरं जरा लहान होतात, पण काम अडत नाही.

काही ठिकाणी विंडो पुरती दिसते, पण अक्षरं धुरकट. इथे आधी एक गोष्ट तपासावी: स्टार्ट मेनूची अक्षरं स्वच्छ आहेत का? तीही धुरकट असतील तर स्क्रीनचं रिझोल्यूशनच, म्हणजे आडव्या-उभ्या पिक्सेलांची संख्या, चुकीचं निवडलं गेलं आहे. ती स्वच्छ असतील तर दुखणं त्या एका प्रोग्रामचं. विंडोज फार पूर्वीपासून इंचाला ९६ ठिपके धरून चालतं, आणि जुने प्रोग्रामही तेच गृहीत धरून लिहिलेले. स्क्रीनचे ठिपके बारीक झाले हे त्यांना कळतच नाही. मग विंडोज व्हिस्टापासून एक तोडगा आहे: प्रोग्रामला ९६ च सांगायचं, त्याने काढलेलं चित्र घ्यायचं आणि फोटो ताणावा तसं ताणायचं. धुरकटपणा त्या ताणण्याचा आहे. त्यावर प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी आणि तिथल्या हाय डीपीआय (इंचाला जास्त ठिपके) सेटिंग्जमध्ये जावं. ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ हा पर्याय २०१७ पासून तिथे आहे. बऱ्याच जुन्या प्रोग्रामांची अक्षरं त्याने लख्ख होतात.

याच्या उलटही घडतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आठव्या आवृत्तीवर, जावा ८ वर, चालणारे प्रोग्राम ‘आम्हाला बारीक ठिपक्यांची स्क्रीन कळते’ असं विंडोजला सांगून मोकळे होतात आणि प्रत्यक्षात काहीच मोठं करत नाहीत. विंडो मग तळहाताएवढी दिसते. २०१७ च्या जावा ९ मध्ये हे सुधारलं.

मराठीत यात आणखी एक पदर आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजी अक्षरांवर चाचणी करणाऱ्याला तो दिसतच नाही. आपल्या ओळीला वर मात्रा, वेलांटी, रफार लागतात आणि खाली उकार. चौकटीची उंची इंग्रजीपुरती धरली की ‘एकूण’मधला ऊकार कापला जातो आणि पडद्यावर ‘एकण’ उरतं. शिवाय फॉन्टही बदलतो. प्रोग्राम ‘मंगल’ फॉन्ट मागतो. विंडोज १० पासून तो आपोआप बसलेला नसतो, त्याच्या जागी ‘निर्मला’ येतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘लोहित’ किंवा ‘नोटो’, मॅकवर ‘कोहिनूर’. प्रत्येकाची ओळीची उंची वेगळी, अक्षरांची रुंदीही वेगळी. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटणाची जागा पिक्सेलमध्ये ठोकून देऊ नये. मजकुराला लागेल तेवढी चौकट वाढू द्यावी, यादीला स्क्रोलबार द्यावा आणि बटणांची ओळ तळाला बांधावी. क्यूटी, जावा, डॉटनेट, प्रोग्राम लिहिण्याच्या या सगळ्या साधनांत याची सोय आहे.

मॅकवर मेनू विंडोत नसतो, स्क्रीनच्या माथ्यावर जातो, आणि ‘ओके’ उजव्या टोकाला असतं. तो बिघाड नव्हे, तिथली रीत आहे. उबुंटूचं थोडं निराळं. २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून बहुतेक मशिनवर विंडो पडद्यावर दाखवण्याची वेलँड ही पद्धत आपसूक चालू असते, आणि तिच्यात आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे उघडावी हे प्रोग्रामला ठरवता येत नाही. सौद्याची विंडो डावीकडे, पट्टीची उजवीकडे अशी मांडणी विंडोजवर जमते. वेलँडवर दोन्ही कुठेही उघडतील. लॉगिनच्या वेळी ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ असा जुन्या पद्धतीचा पर्याय दिसत असेल तर तो निवडून बघावा. तिथे मांडणी नीट आली, तर कारण सापडलं.

आणि विंडो अजिबात दिसतच नसेल, खाली टास्कबारवर नाव मात्र असेल, तर लॅपटॉपला आधी दुसरा मॉनिटर जोडलेला होता का ते विचारा. प्रोग्रामने शेवटची जागा लक्षात ठेवलेली असते, आणि तो मॉनिटर काढला तरी विंडो तिथेच उघडते. टास्कबारवरच्या नावावर क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा, मग एम, मग बाणाचं एखादं बटण एकदा दाबून माउस हलवा. विंडो माउसला चिकटून आत येते.