एआयचं धोरण आलं, कायदा नाही

‘एआय कायदा आला’ अशी ओळ वर्षातून तीन-चारदा मोबाइलवर फिरते. मूळ कागद उघडला तर तो धोरणाचा निघतो, नाहीतर मार्गदर्शक तत्त्वांचा. तोवर पारावर हिशेब लागलेला असतो: शेतीसल्ल्याच्या अ‍ॅपनं चुकीचं सांगितलं तर भरपाई मिळेल, ड्रोनवाल्यावर केस लागेल, आपली माहिती कुणी विकणार नाही. धोरणानं यातलं काहीही होत नाही.

धोरण म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. जीआर, पोर्टल, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’, यातच निम्मी हयात जाते. शेतीत एआय वापरण्यासाठीचं महाराष्ट्राचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९ याच जातीचं. १७ जून २०२५ ला मंत्रिमंडळानं मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. केंद्राचं इंडियाएआय मिशन मार्च २०२४ चं, पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी. एक राज्याचं, एक केंद्राचं, मुदत वेगळी, खातं वेगळं. हे फरक किरकोळ आहेत. दोन्हींत सरकार स्वतःचा पैसा कुठे लावणार ते सांगतं. तुम्हाला काय मागता येईल, ते सांगत नाही.

कायद्याचं उलटं असतं. रोजगार हमी आठवा. आधी ती योजनाच होती, काम निघालं तर निघालं. १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि काम मागणं हा हक्क झाला. पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता. आता एक रुपयाच्या पीक विम्याचं पाहा. २०२३ च्या खरिपात आला, २०२५ च्या खरिपाआधी गेला, आणि कपाशीला पुन्हा विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागला. त्यासाठी विधानसभेत एकाही आमदाराला हात वर करावा लागला नाही. जीआरनं आलेलं जीआरनं गेलं. एआयच्या अनुदानाचंही असंच होऊ शकतं. म्हणून पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत ड्रोनचं बिल फाडू नये. आधीच्या तारखेच्या बिलावर अनुदान बसत नाही.

इथपर्यंत बहुतेकांना कळतं. घसरायला होतं ते पुढे, ‘नियम’ आणि ‘मार्गदर्शक तत्त्वं’ यांच्यात.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये एआय प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याच मंत्रालयानं माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये दुरुस्ती केली: एआयनं बनवलेल्या खोट्या, पण खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रफितींवर ठळक लेबल लावणं बंधनकारक. मंत्रालय एक, विषय एक, मध्ये तीन महिन्यांचं अंतर. दोन्हींपैकी एकही संसदेत मतदानाला गेलं नाही. तरी पहिल्या कागदाचा भंग केला म्हणून कुणावर कारवाई होत नाही, दुसऱ्याचा केला तर होते.

असं का? लोक विचारतात, ‘हे पास कुणी केलं?’ प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: हा कागद कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाच्या जोरावर उभा आहे? फेब्रुवारीची दुरुस्ती माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ८७ वर उभी आहे. नियम करायचा अधिकार संसदेनं आधीच देऊन ठेवला होता, तो वापरला. म्हणून तो नियम कायद्याइतकाच बांधतो. नोव्हेंबरच्या तत्त्वांमागे असं कलम नाही. उलट, सध्या एआयसाठी वेगळा कायदा नको, असाच त्यांचा सूर आहे. आणि टीव्हीवर त्यालाच ‘एआयला लगाम’ म्हणतात! युरोपनं ऑगस्ट २०२४ मध्ये लागू केला तो खरा एआय कायदा. बंदी घातलेल्या वापराला साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत दंड. तसा स्वतंत्र कायदा आपल्या संसदेनं केलेला नाही.

कागद ओळखायला वकील लागत नाही. जीआर असेल तर वर ‘वाचा’, मग ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’, आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. या शेवटच्या ओळीचा रुबाब पाहून माणूस फसतो. ती ओळ बदलीच्या आदेशावरही असते. जीआरमध्ये खरं शोधायचं ते लेखाशीर्ष, म्हणजे पैसा बजेटमधल्या कोणत्या खात्यातून येणार ते, आणि वित्त विभागाच्या सहमतीचा संदर्भ. ते नसेल तर पैसा अजून निघालेला नाही, घोषणा किती कोटींची का असेना. नियम असेल तर तो राजपत्रात अधिसूचना म्हणून येतो आणि सुरुवातीलाच ‘कलम अमुकद्वारे प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वाक्य नसेल तर नोटीस पाठवायची घाई करू नका.

आता हेच वावरात नेऊन पाहू. पऱ्हाटीचा फोटो अ‍ॅपवर टाकला. पानांच्या कडा लालसर, आत वळलेल्या. अ‍ॅप म्हणालं तुडतुडे, अमुक फवारा. गुलाबी बोंडअळी मात्र हिरव्या बोंडाच्या आत बसलेली. पानाच्या फोटोत ती दिसणारच नाही. डोमकळीचा, म्हणजे अळी शिरल्यानं न उमललेल्या फुलाचा, फोटो काढला असता तर काही कळलं असतं. बोंडं किडली. आता कास्तकारानं कुठे जायचं? महाअ‍ॅग्री-एआय धोरण घेऊन कुठेच नाही. एआयसाठी वेगळा कायदा नसला तरी जुना एक आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ‘शेती हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं समोरचा वकील म्हणेलच. बियाण्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे, ते दाखवा.

मेख एका शब्दात आहे: मोफत. या कायद्यात ‘सेवे’च्या व्याख्येतून विनामोबदला सेवा वगळली आहे. वर्षाला शंभर-दोनशे रुपये घेणाऱ्या अ‍ॅपवर तक्रार चालेल. फुकटच्या अ‍ॅपवर, मग ते सरकारी असो की कंपनीचं, ती तिथेच अडकेल. फुकट ते पौष्टिक हे इथे लागू नाही.

माहितीच्या बाबतीत खरा कायदा आहे, पण त्याच्याकडूनही भलती आशा धरली जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. कंपन्यांवरची मुख्य बंधनं अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये सुरू होतात. दंड २५० कोटींपर्यंत. पण तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत जमा होतो, तुमच्या खात्यात नाही. भरपाईची वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये आहे. पण ते कलम या माहिती संरक्षण कायद्यानंच मे २०२७ पासून वगळलं जाणार आहे. शिवाय कलम ७ मुळे अनुदान, दाखला, परवाना देताना ठरावीक स्थितीत सरकारला तुमची वेगळी संमती लागत नाही. ‘कायदा आला, आता सातबारा सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

धोरणावर कोर्टात कधीच जाता येत नाही, असंही नाही. तुमच्यासारख्याच अर्जदाराला अनुदान दिलं आणि तुम्हाला कारण न देता नाकारलं, तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. तिथे भांडण भेदभावाचं असतं. धोरण चांगलं की वाईट, यात न्यायालय सहसा पडत नाही.

पैसे भरून सल्ला घेत असाल तर चार गोष्टी मोबाइलबाहेर जपा: भरलेल्या रकमेची पावती, अ‍ॅपवर टाकलेला मूळ फोटो, सल्ल्याचा तारीख दिसणारा स्क्रीनशॉट आणि कृषी केंद्राचं औषधाचं पक्कं बिल. अ‍ॅप अपडेट झालं की जुना सल्ला राहीलच याचा भरवसा नाही, म्हणून स्क्रीनशॉट फवारणीच्या दिवशीच काढायचा.