शिंजीर काळा की जांभळा?

शिमगा जवळ आला, काटेसावर फुलली, की पक्ष्यांच्या फोटोंखाली ठरलेला वाद सुरू होतो. कुणी शिंजिराचा, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या चिमुकल्या पक्ष्याचा, निळाजांभळा झळाळता फोटो टाकतो. लगेच शेरा येतो, 'रंग वाढवलेत, आमच्या परसातला तर काळा कुळकुळीत आहे.' रंग वाढवणारे महाभाग आहेत हे कबूल, पण बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं.

विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजिराचा नर मादीसारखा पिवळट होतो. गळ्यावरून पोटाकडे जाणारा काळा पट्टा तेवढा उरतो. पुढच्या विणीआधी नवी पिसं येतात. त्यांत जांभळं रंगद्रव्य औषधालाही नसतं. असतं ते मेलॅनिन, आपले केस काळे करणारं. पीस कुटलं तर भुकटी काळपटच निघेल.

मग जांभळा येतो कुठून? पिसाच्या दांड्याला फाटे असतात, फाट्यांना बारीक उपफाटे. या उपफाट्यांत मेलॅनिनच्या चपट्या कणांचे थर एकावर एक रचलेले असतात, मध्ये केराटिन, आपल्या नखांतलं प्रथिन. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो. खालच्या थरावरचा जरा जास्त अंतर चालून येतो. हे जास्तीचं अंतर ज्या तरंगलांबीशी जुळतं, तिच्या लाटा शिखरावर शिखर येऊन बळावतात. उरलेला बराचसा प्रकाश मेलॅनिन गिळतं. समजा, मेलॅनिन-केराटिनची एक जोडी १५० नॅनोमीटर जाड आहे आणि सरासरी अपवर्तनांक, म्हणजे आत शिरलेला प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, १.६ आहे. समोरून पाहिलं तर २ × १.६ × १५० = ४८० नॅनोमीटर, म्हणजे निळा. पीस कललं की या आकड्याला थराच्या आतल्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. ३० अंशांना ४१६, म्हणजे जांभळा. आणखी कललं की ४०० च्या खाली, अतिनीलात. तिथे आपले डोळे थकले. शिवाय हे थर आरशासारखे वागतात. ऊन भलतीकडे परावर्तित झालं की आपल्या वाट्याला नुसतं मेलॅनिन येतं. काळा ठिक्कर!

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी रामन परिणामाची उजळणी होते. त्याच रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर शोधनिबंध लिहिला आणि त्यासाठी नीलपंखाची पिसं तपासली, हे फारसं कुणी सांगत नाही. नीलपंखाचा निळाही रचनेचाच. पण तिथे थर नाहीत, केराटिनची स्पंजासारखी जाळी आहे, सगळ्या दिशांना सारखीच. म्हणून तो कुठूनही निळाच दिसतो. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ म्हणून काही ठिकाणी त्याला पकडून पिंजऱ्यात घालून दारोदार फिरवतात. शुभ कुणाला, ते त्या पक्ष्याला विचारावं.

शिंजिराचा फोटो घ्यायचा तर सकाळचं ऊन पाठीशी घ्या आणि एका फुलावर नजर ठेवून थांबा. मधासाठी तो मान वळवत राहतो, तेवढ्यात भराभर फ्रेम घ्या. काळा पक्षी चौकटभर दिसला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि नेमकी झळाळीच पांढरी पडते. तेव्हा एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा, ठेवा.