जुन्या व्हिडिओ गेमांचे संगीत: जतन व पुनर्निर्मिती (कोकण)

कॅसेटवर चालणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेमांतील संगीत यंत्राबाहेर काढून टिकवणे, आणि ते मूळ चिपच्या आवाजात किंवा दुसऱ्या वाद्यांवर पुन्हा उभे करणे. कोकणात हे गेम प्रामुख्याने १९९० च्या दशकात घरोघरी दिसू लागले. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून यंत्र यायचे आणि सुट्टी संपली की बहुधा त्यांच्याबरोबरच मुंबईला परत जायचे. कार्ट्रिज (गेमची चिप असलेली, यंत्रात खोचायची डबी) हा शब्द इथे रुळलाच नाही. सगळे तिला ‘कॅसेट’च म्हणत.

ही यंत्रे बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (जपान, १९८३) नक्कल होती. फॅमिकॉममधल्या रिको २ए०३ चिपला आवाजाचे पाच मार्ग आहेत: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांचा. त्रिकोणी लहरीला आवाज लहानमोठा करण्याची सोयच नाही. ती चालू असते किंवा बंद. बहुतेक गेमांत खर्जाचे काम तिच्याकडे असते. गाणे कॅसेटमध्ये मुद्रित केलेले नसते. तिथे फक्त सूचना असतात, एक प्रकारची स्वरलिपी, आणि चिप ती दर वेळी नव्याने वाजवते. त्यामुळे वाजवणारी चिप बदलली की गाणेही बदलते.

कोकणातल्या जतनाचा खरा प्रश्न इथेच आहे. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवत, आपल्याकडची पीएएल पद्धत ५०. बहुतेक गेमांत दर चित्रामागे संगीत एक पाऊल पुढे सरकते. त्यामुळे साठाच्या हिशेबाने बांधलेली मिनिटभराची धून इथे ७२ सेकंद चाले. पीएएल देशांसाठीच्या क्लोन (नक्कल केलेल्या) यंत्रांत पट्टी जवळजवळ तीच राहत असे, अर्ध्या स्वराच्या सहाव्या भागाइतकीच उतरत असे. शिवाय काही नकली चिपांत चौकोनी लहरीच्या दोन रुंदींची, २५ आणि ५० टक्क्यांची, अदलाबदल झालेली होती. जिथे पातळ, नाकातला स्वर हवा तिथे पोकळ, गोल स्वर येई. मालवणच्या किंवा गुहागरच्या पडवीत ऐकलेली धून म्हणजे हीच संथ, किंचित उतरलेली, वेगळ्या रंगाची धून. तिला ‘चुकीची’ म्हणून दुरुस्त करणे प्रस्तुत नोंदकाराला मान्य नाही. संगीतकाराने रचलेले रूप जपायला जगात पुष्कळ जण आहेत. इथल्या कानांनी ऐकलेले रूप इथल्या माणसांनीच जपायला हवे.

जतनातला पहिला शत्रू खारा वारा. चार महिने पाऊस आणि बारा महिने दमट हवा यांमुळे कॅसेटच्या तळाशी असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा कळक चढतो. गेम लागला नाही की मुले कॅसेटमध्ये जोरात फुंकर मारत. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने संपर्क नीट जुळे आणि श्रेय फुंकरीला जाई. तोंडातली वाफ मात्र पट्ट्यांवर बसून कळक वाढवी. देवाची तांब्यापितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लख्ख होतात, म्हणून तोच उपाय इथे करू नये. आम्ल फटीत राहते आणि तांबे खात बसते. खोडरबरानेही वरचा पातळ मुलामा निघून जातो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसावे, बोळा काळा-हिरवा होणे थांबेपर्यंत बदलत राहावे आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट यंत्रात घालावी. नंतर ती सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावी.

स्वस्त कॅसेट उघडली की आत हिरव्या पाटीवर काळ्या राळेचा एक वाटोळा थेंब दिसतो. गेमची माहिती साठवणारी चिप त्याच्याखाली गाडलेली असते. ती बदलता येत नाही, म्हणून ती चालू आहे तोवर आतली माहिती उतरवून घेणे, म्हणजे ‘डंप’ करणे, निकडीचे आहे. एकच कॅसेट दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते तपासतात. ‘९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटी क्षुल्लक समजून टाकून देऊ नयेत. त्यांतल्या निवडयादीला कधी स्वतःची धून असते, कधी आतल्या गेममध्ये फेरफार केलेले असतात, आणि अधिकृत याद्यांत हे सापडत नाही.

डंपमधून फक्त संगीताचा भाग वेगळा काढून ठेवायला एनएसएफ हे स्वरूप वापरतात. ते केव्हिन हॉर्टन यांनी तयार केले. व्हीजीएम स्वरूपात चिपला गेलेल्या आज्ञा क्रमाने नोंदल्या जातात.

पुनर्निर्मितीसाठी फॅमिट्रॅकरसारखे ट्रॅकर, म्हणजे संगणकावर सूर मांडायचे प्रोग्रॅम, आहेत. त्यांत याच पाच मार्गांच्या मर्यादेत सूर मांडावे लागतात. वाद्यांवर वाजवायचे तर गावाकडे कीबोर्ड, पेटी, बेंजो, ऑक्टोपॅड हाताशी असतातच. बेंजोची तार चौकोनी लहरीच्या तीक्ष्णपणाशी चांगली जुळते. पेटीवर मात्र एक गोष्ट हटकून निसटते. मार्ग कमी असल्याने चिपवर तीन स्वरांचा मेळ एकदम वाजवत नाहीत. तिन्ही स्वर एकाच मार्गावर इतक्या झपाट्याने आलटून पालटून येतात की कानाला थरथरता मेळ ऐकू येतो. पेटीवर तीन पट्ट्या एकत्र दाबल्या की स्वर बरोबर येतात, थरथर जाते. ती राखायची तर ते काम कीबोर्डच्या आर्पेजिएटरकडे, म्हणजे दाबलेले स्वर आपोआप एकामागून एक वाजवणाऱ्या सोयीकडे, द्यावे.

या संगीताला सार्वजनिक मान्यताही मिळू लागली आहे. कोजी कोंडो यांचे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे (१९८५) संगीत २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट झाले; व्हिडिओ गेमचे संगीत तिथे प्रथमच पोचले. भारतीय कायद्यानुसार रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो, तेव्हा घरी जपणे आणि विकणे यांतला फरक ध्यानात ठेवावा.

संगणकावर एम्युलेटरमधून (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून) ऐकताना यंत्राचा प्रकार निवडावा लागतो. भारतासाठी म्हणून पीएएल निवडणे ही नेहमीची चूक: खऱ्या पीएएल निन्टेन्डोवर, खास जुळवून न घेतलेल्या गेमची पट्टी अर्ध्या स्वराहून जास्त उतरते. मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ हा पर्याय निवडावा. रशियातल्या क्लोन यंत्राच्या नावाचा हा पर्याय कोकणातल्या टीव्हीवरच्या आवाजाला सर्वांत जवळचा आहे.